गावात मन रमत नाही, असे लिहिणाऱ्या ताईंना

राजापूर तालुक्यातील एका ताईंचे पत्र दिवाळीनंतर आमच्याकडे आले. त्याचा आवश्यक तेवढा भाग असा आहे:

“मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात आयुष्यभर परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले आणि यजमानांच्या इच्छेप्रमाणे आम्ही गावच्या घरी राहायला आलो. यजमान कलमांच्या बागेत रमले आहेत, माझे मन मात्र रमत नाही. मुंबईत नाटके, मैफली, प्रदर्शने असत. नोकरीच्या धबडग्यात वर्षाकाठी एखाददुसऱ्या कार्यक्रमालाच जाणे होई, पण ते सारे जवळ आहे एवढाही आधार वाटे. इथे दिवेलागण झाली की सगळे मालिका लावून बसतात. लग्नाआधी मी गाणे शिकत होते, मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या. पुन्हा शिकावेसे वाटते, पण जवळच्या वर्गात सगळी दहा-बारा वर्षांची मुले आहेत. त्यांच्यात जाऊन बसले तर वाडीतली माणसे म्हातारचळ लागला म्हणतील. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींनी शनिवारी मुलांसाठी काहीतरी करा, असे सुचवले, तर यजमान म्हणाले, ‘जन्मभर राबलीस, आता फुकटची कामे कशाला?’ सूनबाई सांगते, दोघांनी सहली करा. मुलगा मुंबईला परत बोलावतो आहे. मी काय करावे?”

ताई, तुम्ही ओघात लिहून गेलात त्या एका वाक्यापासून सुरुवात करतो. मुंबईत असताना वर्षाकाठी एखाददुसराच कार्यक्रम तुमच्या वाट्याला येत होता. म्हणजे आज जे रिकामे वाटते, ती जागा नाटकांनी आणि प्रदर्शनांनी भरलेली नव्हतीच. ती जागा तुमच्या कामाने भरलेली होती. सकाळच्या पाळीला तुम्ही पोचेपर्यंत रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर देण्यासाठी, म्हणजे रुग्णांची माहिती सोपवण्यासाठी, थांबून राहत असतील, तुम्हाला यायला उशीर झाला तर वॉर्डातले कोणीतरी अस्वस्थ होत असेल. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी आपली वाट पाहिली जाते, ही जाणीव इतकी वर्षे अंगवळणी पडलेली होती आणि निवृत्तीच्या दिवशी ती एकदम थांबली. बागेने तुमच्या यजमानांची तशी वाट पाहणे सुरू केले. कलमांना पाणी हवे, मोहोरावर लक्ष हवे, राखण हवी. तुमच्यासाठी मात्र इथे अजून कोणी खोळंबलेले नाही. सहली, गाणे आणि शाळेतले काम या तीनही गोष्टींकडे मी याच एका दृष्टीने पाहणार आहे, कारण त्या तिन्हींनी आयुष्य समृद्ध होते हे खरे असले, तरी केवळ वेळ घालवण्यासाठी केल्या तर त्या फार काळ पुरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूनबाईंच्या सूचनेत तथ्य आहे, परंतु आठ दिवसांत अकरा ठिकाणे दाखवणाऱ्या सहलीने तुमचा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. त्याऐवजी जवळचे एकच ठिकाण निवडावे आणि तिथे पुन्हा पुन्हा जावे. तुमच्याच तालुक्यात कशेळी आहे. कनकादित्याच्या देवळामुळे आणि रथसप्तमीच्या उत्सवामुळे ते नाव तुमच्या ओळखीचे असणार. त्याच गावच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी माळावर, जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे. त्याची लांबी सुमारे १८ मीटर भरते. त्याच्यापाशी उभे राहिले तर आधी काहीच कळत नाही. पायाखाली खडबडीत, काळपट कातळ आणि त्यात खोदलेला एक चर, इतकेच दिसते. त्या चराच्या कडेकडेने सावकाश चालत गेले की पाय, पाठ, सोंड अशी एकेक रेषा जुळत जाते, आणि मग ध्यानात येते की या मोठ्या आकृतीच्या पोटात आणखी कितीतरी लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत. भर दुपारी गेलात तर ऊन सरळ डोक्यावर असल्याने रेषा पुसट भासतात. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर गेलात तर चरांत सावली भरते आणि आकृती उठून दिसते. म्हणून एकदा सकाळी जावे, एकदा संध्याकाळी जावे, एकदा पाऊस संपल्या संपल्या गवत सुकण्याआधी जावे. हीच गोष्ट तुमच्याच तालुक्यातल्या देवीहसोळच्या आणि बारसूच्या सड्यावरच्या कोरीव आकृत्यांची.

२०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ही शिल्पे एवढ्या प्रमाणावर उजेडात आली, त्याचे मोठे श्रेय सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या रत्नागिरीकरांना जाते. आपापले व्यवसाय सांभाळून त्यांनी सडे पायी पालथे घातले, गुराख्यांना आणि गावच्या जुन्याजाणत्यांना विचारत एकेक ठिकाण शोधले, नोंदले आणि ते राखले जावे म्हणून गावकऱ्यांशी बोलत राहिले. पाहायला जाणारा माणूस पुन्हा पुन्हा गेला की राखणारा होतो, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या किनाऱ्यावर मला माहीत नाही. तुम्हीही तिसऱ्या खेपेला गावातल्या दोन मुलींना बरोबर न्याल, त्यांना चराच्या कडेने चालायला लावाल, शिल्पावर चपला घालून चढणाऱ्या पाहुण्याला सौम्यपणे थांबवाल, तेव्हा त्या भेटीचा अर्थ तुमच्यापुरता बदललेला असेल.

रत्नागिरीलाही महिन्या-दोन महिन्यांनी एक फेरी ठेवावी. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १९१६ मध्ये वारला तोवर ज्या राजवाड्यात राहत होता, तिथे आता संग्रहालय आहे, आणि हिवाळ्यात त्याच वास्तूच्या प्रांगणात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो. १८२८ पासूनचे नगर वाचनालय त्याच शहरात आहे. मालगुंडला केशवसुतांचे घर आणि स्मारक आहे. रात्रीच्या मैफलीनंतर राजापूरकडे परतायला एसटी मिळेल या भरवशावर मात्र जाऊ नये. मुक्कामाची सोय आधी लावावी, म्हणजे शेवटची भैरवी घड्याळाकडे न पाहता ऐकता येईल.

तुम्ही रुग्णालयात काम केलेले असल्याने एका अभ्यासाचा उल्लेख करतो. इंग्लंडमधील पन्नास किंवा त्याहून अधिक वयाच्या ६,७१० जणांचा सुमारे १४ वर्षे मागोवा घेणारे संशोधन २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. संग्रहालये, कलादालने, नाटके, मैफली अशा ठिकाणी दर काही महिन्यांनी किंवा त्याहून अधिक वेळा जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूची जोखीम, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी आढळली. वर्षातून एकदोनदाच जाणाऱ्यांमध्येही ती १४ टक्क्यांनी कमी होती. धडधाकट आणि खाऊनपिऊन सुखी माणसेच बाहेर पडतात, ही शंका तुमच्या मनात लगेच येईल. प्रकृती, उत्पन्न, शिक्षण यांतले फरक हिशेबात धरूनही संबंध काही अंशी उरला, पण अशा निरीक्षणातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. तेव्हा औषध म्हणून मैफलीला जा, असे मी म्हणणार नाही. एवढेच सुचवतो की या गोष्टींना चैन समजून मनाला अपराधी वाटू देऊ नका.

आता गाण्याविषयी, कारण पत्रात सर्वांत जास्त जीव त्याच ओळींमध्ये आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा आवाज तिथेच नसेल, जिथे तुम्ही तो सोडलात. रजोनिवृत्तीनंतर पुष्कळ स्त्रियांचा आवाज खाली उतरतो आणि थोडा जाड होतो. पेटीच्या पट्ट्यांवरून सांगायचे, तर पूर्वी काळी पाचमध्ये गात असाल, तर आता त्याहून खालची काळी चार किंवा पांढरी पाच हा तुमचा षड्ज, म्हणजे ‘सा’, असण्याची शक्यता अधिक आहे. पुष्कळ जणी जुन्या पट्टीचाच हट्ट धरतात, तारसप्तकात घसा ताणतात, दोन महिन्यांत आवाज बसतो आणि ‘आता आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणून वही मिटतात. तसे करू नका. पहिले तीन-चार महिने पहाटे खर्जाचा रियाज करा. मध्य षड्जापासून मंद्र पंचमापर्यंत एकेक स्वर पुऱ्या श्वासावर ठेवायचा, जितका टिकेल तितकाच. राग एकच घ्यावा, भूप किंवा दुर्गा असा पाच स्वरांचा, आणि पाऊस सुरू होईपर्यंत तोच गावा. मध्यमापर्यंत शिकलेल्या माणसाला हे प्राथमिक वाटेल, पण सुटलेली गोष्ट हाताशी यायला हाच रस्ता सर्वांत जवळचा आहे.

पेटी नवी घेण्याची घाई करू नये. देवळात किंवा भजनी मंडळाकडे एखादी पडून असेल, ती विचारून आणावी. कोकणातल्या पावसात पेटीचे फार हाल होतात. लाकूड फुगते, पट्टी दाबली की वर येत नाही, आणि दमट हवेने आतले सूर हळूहळू बिघडत जातात. बंद खोक्यात ठेवून दिलेली पेटी सर्वांत लवकर जाते. रोज थोडी वाजवली, भात्यातून हवा खेळती राहिली आणि ती भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवली, तर आषाढ-श्रावणातही पुष्कळ धडधाकट राहते. मे महिन्याच्या अखेरीस एकदा जाणत्याकडून ती साफ करून आणि सूर मिळवून घ्यावी.

लहान मुलांमध्ये बसण्याच्या संकोचाबद्दल माझे मत असे की बसावे, आणि पहिल्या दिवसापासून बसावे. गाण्याच्या गुरुजींना स्वतंत्र वेळ मागू नका. स्वतंत्र वेळ मिळाली की तुम्ही एकट्या पडाल, आणि एकटेपणामुळेच तर तुम्ही पत्र लिहिले आहे. मुलांच्या वर्गात तुमचा हात पेटीवर आधी बसेल, सरगम वाचता येईल, ताल मोजता येईल; थोड्याच दिवसांत गुरुजी एखाद्या कोपऱ्यातल्या चार जणांचे अलंकार, म्हणजे सरावाचे स्वरक्रम, तुमच्याकडून घोटून घेऊ लागतील. जुनी प्रमाणपत्रे सापडली तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पुढच्या परीक्षांचा, म्हणजे विशारदचा विचार सवडीने करता येईल. त्या परीक्षांना पोक्त वयाचे विद्यार्थीही बसतात. पहिल्या वर्षी मात्र परीक्षेचे नाव काढू नये. परीक्षा आली की बंदिशींची संख्या मोजली जाते, आणि तुम्हाला सध्या एकच बंदिश मन लावून गाण्याची गरज आहे.

म्हातारचळ म्हणणाऱ्यांना उत्तर देण्याच्या भरीस पडू नका. तरीही ‘घरंदाज बाईने या वयात गाणे’ असा सूर कोणी लावलाच, तर आपल्या किनाऱ्याच्या गाण्याचा इतिहास मनाशी असू द्यावा. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगुबाई कुर्डीकर यांनी जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ज्या निष्ठेने सांभाळली, ती पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचली. मोगुबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर. १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरचे निवडक संगीत पाठवले गेले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. हे सारे मिळवताना त्यांना समाजाकडून जे सोसावे लागले, त्यापुढे आपल्या वाडीतले दोन शब्द फार जड नाहीत. शिवाय महिलांची भजनी मंडळे आता कोकणात नवलाईची राहिलेली नाहीत. तुमच्या वाडीत नसेल, तर चार-पाच जणींनी आठवड्यातून एकदा हरिपाठाला बसण्यापासून आरंभ करता येईल. मालिका लावून बसणाऱ्या घरांतल्याच या बायका असतील, आणि त्यांच्याही मनात तुमच्यासारखे काही असेल याची मला खात्री आहे. कोणीतरी सूर धरणारी हवी असते.

शाळेच्या कामाबद्दल मी तुमच्या यजमानांशी सहमत नाही, पण त्यांच्या बोलण्यामागची काळजी मला समजते. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या, तिने पुन्हा कशाला बांधून घेऊ नये, असे त्यांना वाटते. त्यासाठी एक पथ्य पाळावे. शाळेत सिस्टर म्हणून जाऊ नका. गावात रक्तदाब मोजायला आणि गोळ्या विचारायला लोक तुमच्याकडे येतच असतील, त्यांना जरूर मदत करावी. पण शनिवारचे काम दुसरे असावे, जिथे तुम्हाला कोणी दुखणे सांगणार नाही. राज्यातील शाळांमध्ये पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार नावाचा उपक्रम आहे. गुरुजींनी तुम्हाला बोलावले ते बहुधा त्यासाठीच. पटावर पंधरा-वीस मुले आणि दोनच शिक्षक असलेल्या शाळेत गाणे शिकवायला वेगळे माणूस कोठून येणार?

पाऊण तास पुरे. पाठ्यपुस्तकातली एक कविता घ्यावी, तिला दादऱ्यात किंवा केरव्यात बसवावे, अर्ध्या मुलांनी टाळ्यांनी मात्रा धरायच्या आणि अर्ध्यांनी म्हणायचे, मग अदलाबदल करावी. शिमग्याच्या खेळ्यांमुळे आणि गणपतीच्या भजनांमुळे आपल्याकडच्या मुलांच्या कानात ताल आधीच असतो; झांज कोणाच्या हाती द्यायची एवढ्यावरूनच भांडणे होतील. सूर लावायला मात्र वेळ लागतो. एखादा मुलगा दरवेळी खालीच गातो, बाकीची हसतात, तेव्हा त्याला गप्प न बसवता पेटीच्या अगदी जवळ बसवावे, त्याला सहज येईल तोच सूर आधी पेटीवर शोधावा आणि तिथून त्याला एकेक पट्टी वर आणावे. ज्या दिवशी त्याचा षड्ज इतरांच्या षड्जात मिसळेल, त्या दिवशी ते त्याच्या चेहऱ्यावर तुम्हाला दिसेल.

गाण्याने मुलांचे गणित सुधारते, बुद्धी तल्लख होते, असे सांगून पालकांना पटवण्याचा मोह होईल. तो टाळावा. २०२० मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात संगीतशिक्षणाने मुलांच्या बौद्धिक क्षमतेत किंवा परीक्षेतील गुणांत म्हणण्याजोगी वाढ होत असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. गाणे गुणांसाठी शिकवायचे ठरले, तर गुण वाढले नाहीत की पहिली गदा गाण्यावरच येते. इतरांचे ऐकून आपला आवाज त्यात मिळवणे, समेची वाट पाहणे, चुकले तर हात न थांबवता पुढच्या मात्रेला पुन्हा सामील होणे, हे जे मुलांना गाण्यात मिळते ते त्यासाठीच देण्याजोगे आहे, आणि पालकांना तसेच सांगावे.

मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्यावा, शाळा व्यवस्थापन समितीची संमती कागदावर घ्यावी आणि शब्द द्यायचा तो या दुसऱ्या सत्रापुरताच. एप्रिलमध्ये आंब्याचा हंगाम भरात येईल, तेव्हा घरी तुमचा हात लागेलच. दिलेला शब्द मात्र पाळायचा. एखाद्या शनिवारी जमणार नसेल, तर आदल्या दिवशी शाळेत कळवायचे. मुलांना पंधरा दिवसांतच शनिवारची सवय लागते आणि न सांगता न आलेले माणूस ती लवकर विसरत नाहीत.

यजमानांनाही यात ओढता येईल. बागेमुळे त्यांना पहाटे उठण्याची सवय आहे. तुमच्या तालुक्यात वेत्ये आणि माडबन इथे समुद्री कासवांची अंडी जपण्याचे काम हिवाळ्यात चालते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ते काम २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केले. पहाटे किनाऱ्यावर फिरायचे, मादीच्या वाळूवरच्या खुणांवरून घरटे ओळखायचे, अंडी कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यात हलवायची आणि पुढे दीड-दोन महिने त्यांच्यावर लक्ष ठेवायचे. काही वर्षांतच पिल्ले समुद्रात जाताना पाहायला दूरदूरचे लोक वेळासला येऊ लागले आणि गावातल्या घरांना पाहुण्यांच्या मुक्कामाचे उत्पन्न मिळाले. फुकटची कामे म्हणून त्यांनी हिणवलेल्या गोष्टीची ही एक बाजू त्यांना दाखवावी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एका पहाटे त्यांना वेत्येच्या किनाऱ्यावर घेऊन जावे. तिथून पुढे जायचे की नाही, ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

राहिला मुंबईला परत जाण्याचा प्रश्न. चिरंजीवांचे बोलावणे प्रेमाचे आहे, पण ते सकाळी कामावर गेल्यावर तिथल्या घरातही दुपार तुम्हालाच काढायची आहे, आणि तुमच्या जुन्या वॉर्डात आता दुसऱ्या सिस्टर आहेत. म्हणून हा निर्णय शिमग्यापर्यंत घेऊ नये. तोवर गाण्याचा वर्ग, शाळेचा शनिवार आणि महिन्यातून एक फेरी, एवढेच ठेवावे; चौथी गोष्ट कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नये. शिमगा आटोपल्यावर यजमानांबरोबर बसून बोलावे, आणि तेव्हाही मुंबईच बरी वाटली तर निःसंकोच जावे. दादर-गिरगावात गाण्याचे वर्ग आहेत, महापालिकेच्या शाळा आहेत, आणि तिथेही एक शनिवार कोणासाठी तरी राखून ठेवता येईल. तुमचे काय ठरले ते आम्हाला जरूर कळवावे.